अकीक शोधायला हातोडा कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत फिरायला जाणाऱ्यांसाठी एक लेख आला होता, मिनेसोटातल्या नद्यांच्या काठी सापडणाऱ्या लाल पट्ट्यापट्ट्यांच्या दगडांवर, म्हणजे अकीकावर, तो मी इथे मिनेसोटातच लेकीकडे बसून मोबाईलवर वाचला. आधी बरं वाटलं, म्हटलं चला, कुणीतरी धबधबे आणि मॉल सोडून दगडगोट्यांवर लिहिलं. पण जसजशी खाली वाचत गेले तसतसा पारा चढत गेला. "नदीकाठी जा, चमकणारे दगड बघा, सोबत हातोडा असू द्या, स्टेट पार्कात तर खच पडलेला असतो" अशी वाक्यं त्यात आहेत. एकेका वाक्यात एकेक चूक. आणि दर उन्हाळ्यात माझ्यासारखे शेकडो आईबाबा मुलांकडे सहा-सहा महिने येतात, त्यातले निम्मे तुमचा पेपर वाचणारे, ते उद्या हातोडा घेऊन पार्कात शिरले तर काय होईल म्हणून हे पत्र.

मी काही भूगर्भवाली नाही हे आधीच सांगते. आयुष्य बँकेत काउंटरवर गेलं. पण हा माझा इथला सहावा उन्हाळा, आणि पहिल्या उन्हाळ्यात सोमवार ते शुक्रवार करायचं काय या प्रश्नावर शेजारच्या एका आजोबांनी मला हा नाद लावून दिला. ते रस्त्याच्या कामावर होते, चाळीस वर्षं खडी पसरली आणि चाळीस वर्षं खाली बघत चालले, असं स्वतःच म्हणतात. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं त्यांना पाव, पण दगड दाखवायला भाषा लागत नाही. आमचे हे सुरुवातीला म्हणायचे, गोटे वेचायला एवढ्या लांब आलो का आपण. आता तेच आधी बूट घालून तयार असतात.

तर पहिली चूक. लेखात लिहिलंय की हे दगड "नदी घडवते". नदी नाही हो घडवत. नदी फक्त धुते आणि उघडं पाडते. या दगडाचं नाव लेक सुपीरियर अ‍ॅगेट, आपल्याकडे अकीक म्हणतात तोच प्रकार, आणि त्याचा जन्म साधारण 110 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा खंड मधोमध फाटायला लागला होता, भेगेतून लाव्हाचे थरावर थर आले, आणि त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून थिजले. पुढे त्या रिकाम्या पोकळ्यांत सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, विरघळलेलं पाणी शिरत राहिलं आणि आतल्या भिंतीला पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला, घरात पातेल्याला आतून पांढरा थर धरतो ना, कडेकडेने आत, तसंच समजा. हे पापुद्रे नेमके इतके रेखीव कसे बसतात यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाहीये. लाल रंग लोखंडाचा, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. पिवळा-तपकिरी पण लोखंडाचाच. आपला सह्याद्रीचा काळा दगड सुद्धा असाच लाव्हाचा आणि त्याच्याही पोकळ्यांत अकीक भरलेला असतो, फक्त आपला लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे या इथल्यापुढे कालचं पोर.

मग तो दगड सुपीरियर सरोवराजवळून इतका लांब, पार दक्षिणेकडच्या आयोवा-नेब्रास्का राज्यांपर्यंत कसा गेला? बर्फाने नेला. हिमयुगात कॅनडाकडून बर्फाचे प्रचंड थर खाली सरकत आले, परत मागे हटले, परत आले, असं बऱ्याच वेळा झालं, आणि सरकताना त्यांनी खालचा खडक किसून, उपटून, सोबत घेतला. बसाल्ट, म्हणजे तो लाव्हाचा काळा दगड, मऊ पडून झिजतो, अकीक झिजत नाही, तो सुटून बाहेर पडतो. शेवटचा बर्फ इथून वितळून गेला त्याला 10-12 हजार वर्षं झाली, आणि जाताना जे पाणी वाहिलं त्यात सगळे दगड धुतले गेले, गोल झाले आणि थर लावून टाकले गेले. आजच्या नद्या त्या जुन्या थरांत स्वतःची वाट खोदतात आणि पुराला काठ ढासळला की आतला माल बाहेर येतो. म्हणजे सुपीरियरच्या काठचं डुलुथ ते मिनियापोलिस हे साधारण 250 किलोमीटर अंतर तो दगड बर्फाच्या पोटात बसून आलाय, पाण्यातून नव्हे. हे कळलं नाही तर माणूस कुठल्याही नदीवर जाऊन डोकं आपटत बसतो.

कारण कुठल्याही नदीवर सापडत नाही! हीच गोष्ट लेखात अजिबात नाहीये आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. बर्फ एका बाजूने आला नाही, त्याच्या वेगवेगळ्या जिभा वेगवेगळ्या दिशांनी आल्या. सुपीरियर सरोवराच्या खोऱ्यातून आली ती जीभ लाल माती, लालसर वाळूचा खडक, काळा बसाल्ट आणि अकीक घेऊन आली. वायव्येकडून दुसरी जीभ आली, तिला डे मॉइन लोब म्हणतात, तिने आणला चुनखडक आणि करडा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड, तिच्यात अकीक जवळपास नाहीच. मिनियापोलिसच्या आसपास तर दोन्हींचा माल एकमेकांवर चढलाय. पहिल्या उन्हाळ्यात मी एका ओढ्याच्या काठी चार दिवस कंबर मोडून घेतली आणि हाती भोपळा. आजोबा आले, वाकून मूठभर खडी उचलली, तळहातावर पसरली, बोटाने दाखवलं, हा पांढरट चुनखडक, हा पण, हा करडा पापुद्र्याचा शेल, हा पण, आणि मान हलवली. "राँग आइस" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडीने तासभर लांब नेलं, तिथल्या मुठीत काळा, लाल, वीटकरी, ठिपक्यांचा लाल, असे दगड होते, आणि अर्ध्या तासात माझा पहिला अकीक मिळाला. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी मूठ पसरून बघते, मगच खाली बसते.

आता "चमकणारे दगड बघा" याबद्दल. ओल्या खडीत सगळंच चमकतं. पाण्याच्या कडेला प्रत्येक दगड हिरा वाटतो, घरी नेऊन वाळला की मातीचं ढेकूळ. आणि सुक्या खडीत जे चकाकतं ते बहुतेक वेळा गारगोटी नाहीतर अभ्रकाचा कण. अकीक बाहेरून असा काही दिमाख दाखवत नाही. त्याची पाठ खळग्याखळग्यांची असते, देवी येऊन गेलेल्या तोंडासारखी, कारण ती त्या जुन्या बुडबुड्याच्या भिंतीचा ठसा आहे. वर बऱ्याचदा पिवळट-तपकिरी साल. पण कुठेतरी एखादा टवका उडालेला असतो आणि तिथे मेणचट तकाकी दिसते, घासलेल्या चिंचोक्यासारखी. ती एकदा डोळ्यात बसली की मग सुटत नाही.

खरी युक्ती वेगळीच आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सूर्य खाली असताना, सूर्याकडे तोंड करून चालायचं. आपण साधारण ऊन पाठीवर घेतो ना, डोळ्यांना त्रास नको म्हणून, इथे उलटं. कारण अकीकातून उजेड आरपार जातो, बाकीच्या बहुतेक दगडांतून जात नाही. उन्हाकडे बघत चाललं की शंभर मेलेल्या दगडांत एक आतून पेटलेला दिसतो, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा. मागच्या सप्टेंबरात नदीचं पाणी उतरलं होतं, वाळूचा पट्टा उघडा पडलेला, मी आणि नातू संध्याकाळी सहाच्या सुमारास चाललो होतो, तो पुढे आणि मी गुडघ्यांना शिव्या देत मागे. तो म्हणाला आजी, इथे लाइट लागलाय. मी म्हटलं बाटलीचा तुकडा असेल, कारण तपकिरी बाटलीची काच हुबेहूब तशीच फसवते. वाकून बघितलं तर वाळूतून सुपारीएवढा तुकडा वर आलेला, वरून काळपट आणि एका कडेने नारिंगी. पाण्यात बुचकळला, अंगठ्याने घासला, आणि त्या कडेवर केसासारख्या बारीक रेघा, पांढरी, लाल, पांढरी, लाल, वळणं घेत घेत आत गेलेल्या, मध्ये कोपरे काढलेले. या नक्षीला इथे फोर्टिफिकेशन म्हणतात, म्हणजे किल्ल्याची तटबंदी, वरून बघितलं की बुरूज काढल्यासारखे कोपरे दिसतात म्हणून. नातवाला मी म्हटलं बघ, गडाचा नकाशा. आता तो प्रत्येक दगडात गड शोधतो, सापडत नाही ती गोष्ट वेगळी.

जास्परला लेखात दीड ओळ दिलीये आणि ती पण "अकीकाचा स्वस्त भाऊ" अशी. मला राग आला. जास्पर पण सिलिकाचाच, पण त्यात लोखंड आणि बाकी मिसळण इतकं की उजेड आत जातच नाही, म्हणून वरची सूर्याची युक्ती त्याला लागू नाही. तो रंगावर आणि पोतावर ओळखायचा. गडद लाल, कधी मोहरीसारखा पिवळा, आणि स्पर्शाला चिनी मातीच्या कपासारखा गुळगुळीत, कण म्हणून दिसायचा नाही. घोटाळा होतो तो रायोलाइट नावाच्या लाव्हाच्याच दगडाशी, तो पण लाल, तो पण सुपीरियरकडूनच आलेला, पण त्यात जवळून बघितलं की बारीक पांढरट-गुलाबी ठिपके किंवा दाणे दिसतात. आणखी शंका असेल तर चाकूचं टोक ओढायचं. जास्परवर चरा पडत नाही, उलट चाकूचंच लोखंड घासून करडी रेघ राहते आणि ती बोटाने पुसली जाते. दगडांच्या एक ते दहाच्या मापात अकीक-जास्परचा कठीणपणा साडेसहा ते सात, चाकूचं पातं साधारण साडेपाच. जुन्या विटेचा नदीत घासून गोल झालेला तुकडा सुद्धा मी एकदा जास्पर म्हणून आठवडाभर खिडकीत मांडला होता, चाकू लावल्यावर पिठी निघाली. घरात अजून हसतात.

आणि एक जास्पर तर असा आहे की त्याच्यापुढे अकीक मला फिका वाटतो. मेरी एलन जास्पर. उत्तरेला बिवाबिक गावाजवळच्या मेरी एलन नावाच्या लोखंडाच्या खाणीवरून हे नाव पडलं. लाल आणि चंदेरी-करड्या वेटोळ्यांची नक्षी, आणि ती नक्षी म्हणजे जवळपास 190 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात वाढलेल्या सूक्ष्म जीवांचे थर आहेत, स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात त्यांना. झाडं नाहीत, मासे नाहीत, काहीच नाही, फक्त हा शेवाळासारखा थर, आणि तो तुमच्या हातात. माझ्याकडे एकच तुकडा आहे, अंगठ्याच्या नखाएवढा, तोही आजोबांनी दिलेला.

आता हातोडा. संपादक साहेब, अकीक काचेसारखा फुटतो, शिंपल्यासारखे खोलगट टवके उडतात आणि कडा ब्लेडसारख्या धारदार. आत काय आहे बघू म्हणून मी माझा दुसराच अकीक, चांगला लिंबाएवढा, अंगणातल्या फरशीवर ठेवून हाणला होता. त्याच्या चिंधड्या झाल्या, एक टवका गॉगलवर लागला म्हणून डोळा वाचला, आणि आतली नक्षी जी दिसली ती सात तुकड्यांत. आजोबा बघून काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आत बघायचं असेल तर हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने पाण्याखाली कापतात, नाहीतर आख्खाच ठेवतात. नदीच्या गोट्यांत हातोड्याचं कामच नाही, सगळं सुटं पडलेलंय, फोडायचं काय? न्यायचंच तर काठीला बांधलेला जुना डाव न्या, वाकायला नको, आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली. आणि पँट मोज्यात खोचा, इथे गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, घरी आल्यावर अंग तपासून बघायचं, याबद्दल लेखात चकार शब्द नाही.

पण मुख्य तक्रार स्टेट पार्कची. मिनेसोटाच्या स्टेट पार्कमधून, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांतून, दगड उचलायला परवानगी नाही. एक सुद्धा. मूस लेक नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेट पार्कात तर अकीकाचं छान प्रदर्शन आहे, नकाशे, नमुने, सगळं, पण त्याच पार्कातला गोटा खिशात घालायचा नाही. लेखकाने बहुतेक ते प्रदर्शन बघितलं आणि पुढचं गृहीत धरलं. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यातली जी ठिकाणं आहेत तिथेही नाही, आणि काही नद्यांचे लांबच्या लांब पट्टे त्यांच्याच ताब्यात आहेत, काठावर पाटी असतेच असं नाही, आधी बघून जायचं. शेजारच्या मिशिगनमध्ये सरकारी जागेतून माणशी वर्षाला 25 पौंड, म्हणजे 11 किलोच्या आसपास, एवढी मुभा आहे, तिथेही पिक्चर्ड रॉक्ससारख्या राष्ट्रीय जागा सोडून. खाजगी शेत किंवा खडीची खाण असेल तर मालकाला विचारायचं, खाणवाले बहुतेक नाही म्हणतात कारण कडा कोसळतात, आणि नाही म्हटलं की नाही. मी सुद्धा विचारूनच जाते. आपली माणसं "दोन दगड तर घेतले" म्हणतात, पण उद्या कुणी हटकलं तर व्हिजिटर व्हिसावर आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी तिथे कुठल्या भाषेत वाद घालायचा?

मग शोधायचं कुठे, असं विचाराल. माझा सगळ्यात सुंदर अकीक नदीत मिळालेलाच नाही, तो एका लायब्ररीच्या पार्किंगमध्ये झाडांच्या बुंध्याशी शोभेला टाकलेल्या गोट्यांत मिळाला. ती खडी पण त्याच बर्फाने आणलेल्या थरातून खणलेली. आत जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हा घेऊ का, त्या आधी दगडाकडे आणि मग माझ्याकडे बघून हसल्या, म्हणाल्या घ्या. ज्यांचा ड्राइव्हवे खडीचा आहे असे ओळखीचे शोधा, पाऊस पडून गेला की त्यांच्याकडे चहाला जा. आणि जुलैत मूस लेकला अकीकाची जत्रा भरते, तिथे गावाच्या मुख्य रस्त्यावर ट्रकने खडी ओततात, त्यात अकीक आणि 25 सेंटची नाणी मिसळलेली, इशारा झाला की लहानथोर सगळे गुडघ्यावर. आपली दहीहंडी बरी इतका दंगा असतो. कायदेशीर, मोफत, आणि सोबत हसायला मिळतं.

किमतीचं फार बोलत नाही. लेखात "हजारो डॉलर" लिहिलंय, तसे मोठे, भेग नसलेले, ठसठशीत पट्ट्यांचे नग विकले जातात खरे, पण सहा वर्षांत मी जे जमवलंय ते विकून विमानातली कॉफी येईल. आणि "ऊर्जा" वगैरे जे शेवटी लिहिलंय त्याच्यावर मी काय बोलणार, माझे गुडघे अजून दुखतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, कारण ती माझ्या अंगाशी आलीये. दगड घरी पॉलिश करायचे म्हणून जावयाने मला टंबलर आणून दिला, रबरी पिंप असतं, त्यात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालून रात्रंदिवस फिरवायचं, आधी 60/90 नंबरची जाड भुकटी, मग 120/220, मग 500, शेवटी पॉलिश, एकेक टप्पा साधारण आठवडाभर, म्हणजे महिन्याचं काम. लेखात हे सगळं "दोन दिवसांत चकाचक" असं लिहिलंय, ते सोडा. टप्पा बदलताना दगड धुवावे लागतात, आणि ते करडं दाट पाणी मी निवांतपणे किचनच्या सिंकमध्ये ओतलं. तिसऱ्या दिवशी सिंक बंद. ती भुकटी आणि दगडाची पूड पाइपात खाली बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. प्लंबर आला, पाइप कापून काढावा लागला, लेक काही बोलली नाही, जावई तर बिचारे माझीच समजूत काढत होते, आणि मी दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही. ते पाणी बादलीत निवळू द्यायचं, वरचं पाणी बाहेर मातीत ओतायचं आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकायचा. सिंक नाही, बाथरूम नाही, कुठलीच मोरी नाही.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी दोन दुरुस्त्या तरी छापा, एक स्टेट पार्कची आणि एक हातोड्याची, मे महिन्यात माणसं विमानात बसायच्या आत. बाकीचं ज्याचं तो शिकेल. आणि जमलं तर तिसरी पण करा. लेखासोबत जो मोठा रंगीत फोटो आहे, तळहातावर तीन दगड, खाली "मिनेसोटाचे अस्सल अकीक" असं लिहिलेलं, तो मी मोबाईलवर मोठा करून बघितला. डावीकडचा अकीक आहे, छान आहे, पट्टे स्वच्छ दिसतात. मधला जास्पर असावा. पण उजवीकडचा, जो सगळ्यात मोठा आणि ज्याच्यावर लेखकाने बोट ठेवलंय, त्याच्यावर बारीक गुलाबी ठिपके आहेत. तो रायोलाइट आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(मुक्काम सध्या मिनेसोटा, ऑक्टोबरपर्यंत)